वाचल्याची नोंद

तळ्यातल्या खांबावरची तिसरी खूण उघडी पडली आणि त्याच सकाळी राखणदारानं आमचे घायपाताचे भारे पाण्याबाहेर ओढून काठावर टाकले. भिजत घालून तीनच दिवस झाले होते. पानं अजून हिरवी होती. वर चिखल, खाली चिखल, आणि त्यावर माश्या.

"तिसरी खूण दिसली की कुजवण बंद," राखणदार म्हणाला. "नियम माझा नाही. जनावरांनी प्यायचं काय? तुमचं कुजकं पाणी?"

"सांगितलं असतंस तर आम्हीच काढले असते. फेकायचे कशाला?"

"काल सांगायला आलो होतो तुमच्या घरी. तुमच्या सुनेचं चाललं होतं आपलं, ढग काय, वारे काय. मला वाटलं शाळाच भरलीय. गेलो परत."

मी भारे मोजले. एकवीस होते.

आमचं घर दोर वळणारं. घायपाताची लांब काटेरी पानं कापायची, पाण्यात कुजवायची, मोगरीनं ठेचायची, धुवायची. मग हाती पांढरा वाख येतो. त्याचे पेड, पेडांचा दोर. घरात कामाला चार माणसं: मी, माझी म्हातारी, सून आणि धाकटी लेक. मुलगा लांब रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो, महिन्यातून एकदा येतो आणि दोन दिवस झोपून काढतो.

सून आणि धाकटी दोघी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. घरी बसून शिकायचं आणि परीक्षेला केंद्रावर जायचं, असं कॉलेज. धाकटीचं सगळं वेळेवर चाललं होतं. सुनेची मधली दोन वर्षं म्हातारीच्या दुखण्यात गेली. उचलायचं, बसवायचं, धुवायचं, सगळं तिनं केलं, तेव्हा म्हातारी पुन्हा उभी राहिली. नाव घातल्यापासून सहा वर्षांत पदवी पुरी झाली नाही तर मागचं सगळं पुसतात आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. हे तिचं सहावं वर्ष होतं. बाकीचे सगळे विषय सुटले होते, एक भूगोल राहिला होता, तो धाकटीलाही होता.

त्या वर्षी कॉलेजनं सांगितलं की आता छापील पुस्तक नाही. पुस्तक फोनवर, सगळ्यांना खुलं. कुणीही वाचा, उतरवून घ्या, दुसऱ्याला द्या. ते ऐकून सुनेचा चेहरा असा उजळला की म्हातारीनं विचारलं, "काय गं, माहेरचं कोण आलंय?"

घरात फोन एक, धाकटीचा. तिनं आपल्या नावानं पुस्तक उघडलं. घरात एक पुस्तक आलं, असंच आम्ही धरलं. दोघींनी वेगवेगळं उघडायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार? घरात एक कंदील असला तर त्याच्या उजेडात सगळे बसतात.

वाचायची सून. धाकटीचा हात पेडात भरभर चालतो, पण वाचायला बसली की जांभया देते. सून चाकाशी बसायची. उजव्या हातानं चाकाची मूठ फिरवायची, डाव्या हातात फोन. धाकटी वाख पुरवायची, मी पेडाचं टोक धरून उलट्या पावलांनी मागे मागे जायचो, म्हातारी फणीवर वाख विंचरत बसायची. मी जसा लांब जायचो तशी सून आवाज चढवायची. पलीकडच्या टोकाला माझ्यापर्यंत भूगोल येईस्तोवर तिचा घसा बसायचा. तसं सबंध पुस्तक तिनं दोनदा वाचलं. कुठं अडलं की थांबून, पुन्हा मागं जाऊन, आम्हाला समजावून. आम्हाला समजावताना तिलाच उलगडायचं, असं ती म्हणायची.

"वारा कसा वाहतो हे लिहायला माणूस बसवलाय?" म्हातारी म्हणायची. "दारात उभं राहावं की."

"आत्याबाई, दारात उभं राहून परीक्षा देता येत नाही."

"आणि ढगात पाणी असतं म्हणे. असेल बाई. तुझ्या पुस्तकातल्या ढगांत असेल."

हसत हसत काम व्हायचं. असे चार महिने गेले.

तळं बंद झाल्यावर राहिली जुनी दगडाची खाण. तिच्या तळाला एका कोपऱ्यात मांडीइतकं पाणी असतं. घरापासून पाऊण तासाची वाट, त्यातली शेवटची उतरण दगडगोट्यांची. एकवीस भारे आम्ही दोन दिवसांत डोक्यावरून नेले. चिखलानं भारा दुप्पट जड होतो. पानांचा रस मानेवर ओघळतो आणि तिथं आग आग होते. धाकटीच्या मानेवर चट्टे उठले. खाणीचं पाणी उथळ आणि गरम. अशा पाण्यात भारे वरून लवकर कुजतात, खालून कच्चे राहतात. रोज दोनदा उलटावे लागतात. आणि तयार झाले की त्याच दिवशी काढावे लागतात, नाहीतर वाख सडून हातात तुटतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी येऊन टेकलो आणि धाकटीचा फोन वाजला. तिनं वाचलं आणि ओरडलीच.

"वहिनी! माझा पहिला नंबर!"

"कशात गं?"

धाकटीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. चालू सत्रात आपण एकशे त्र्याऐंशी तास वाचन केले आहे. आपल्या केंद्रात आपला पहिला क्रमांक. अभिनंदन. खाली फुलांच्या माळेत तिचं नाव होतं.

"तू?" म्हातारी म्हणाली. "तू वाचलंस?"

आम्ही सगळे हसलो. सून सर्वांत जास्त हसली. "म्हणजे माझा घसा बसला तो वन्संच्या कामी आला," ती म्हणाली. "आता माझं बघा."

धाकटीनं आपलं नाव बंद केलं, सुनेचं उघडलं. आपल्या नावानं तिनं परीक्षेचा अर्ज भरण्यापुरतंच उघडलं होतं. धाकटी वाचायची थांबली. मग तिनं फोन सुनेच्या हातात दिला.

आपले वाचन: शून्य तास. किमान साठ तास आवश्यक. प्रवेशपत्र रोखण्यात आले आहे.

सुनेनं ते दोनदा वाचलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कपाळावरचा वाळलेला चिखल तिनं नखानं खरवडला आणि म्हणाली, "चूक झाली असेल. उद्या जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी म्हातारीला आणि धाकटीला भारे उलटायला खाणीत पाठवून मी सुनेबरोबर केंद्रावर गेलो. बसमध्ये आमच्या अंगाला कुजवणाचा वास येत होता. दोनदा अंघोळ केली तरी तो जात नाही. शेजारचा माणूस उठून मागं जाऊन बसला. सून खिडकीबाहेर बघत राहिली.

केंद्र म्हणजे एका शाळेच्या मागच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत कारकून. त्याच्या टेबलावर छोटा पंखा होता आणि त्याचं तोंड फक्त त्याच्याकडे होतं.

"शून्य म्हणजे शून्य," तो म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही."

"मी दोनदा वाचलंय सर. नणंदेच्या नावावर उघडलं होतं. तिचे एकशे त्र्याऐंशी तास आहेत बघा. ते मीच वाचलेत."

"मग तिनं काय केलं?"

"तिनं ऐकलं," मी म्हणालो. "आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सबंध घरानं."

"सबंध घराला परीक्षेला बसायचंय का?" मागं रांगेत उभी असलेली दोन पोरं हसली.

"साहेब, घरात एक पुस्तक असलं तर चौघं वाचतात. प्रत्येकाला वेगळं कशाला?"

"वेगळं घ्यायला काही पडतं का आजोबा? फुकट आहे. दहा घ्या."

"फोन एकच आहे."

"त्याला आम्ही काय करणार?" त्यानं पंखा जरासा स्वतःकडे आणखी वळवला. "मॅडमना भेटा."

मॅडम आतल्या खोलीत होत्या. वयानं सुनेएवढ्याच असतील. डोळ्यांखाली काळं. त्यांच्यामागं काचेचं मोठं कपाट होतं, रिकामं. फळ्यांवर पुस्तकांच्या जागी धुळीच्या चौकटी उमटल्या होत्या.

सुनेनं सगळं सांगितलं. मॅडमनी मधे तोंड घातलं नाही. मग त्यांनी विचारलं, "पर्जन्यछाया म्हणजे काय?"

सुनेनं सांगितलं. मॅडमनी आणखी एक विचारलं, तेही सांगितलं. तिसरा प्रश्न त्यांनी अर्धाच विचारला आणि सोडून दिला.

"तुम्ही वाचलंय," त्या म्हणाल्या. "मला कळतंय ना. पण प्रवेशपत्र मी काढत नाही. ते वरून आपोआप निघतं. साठ तास झाले की निघतं, नाही झाले तर नाही."

"आपण एक पत्र लिहून दिलंत तर?"

"मागच्या सत्रात सात पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "पुस्तकं होती तेव्हा मीच सही करायचे, हिनं वाचलंय म्हणून. आता पुस्तक खुलं झालं आणि सही गेली."

सून उभीच होती. खुर्ची होती, पण तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि ती आपणहून बसली नाही.

"नोंद बंद व्हायला अजून नऊ दिवस आहेत," मॅडम म्हणाल्या. "नवव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. आजपासून तुमच्या नावानं उघडा. रोज सात तास पडले तर होईल. आणि एक लक्षात ठेवा. पान नुसतं उघडं ठेवून चालत नाही. तीन मिनिटांच्या आत सरकवावं लागतं. नाही सरकवलं तर ते विचारतं, वाचताय का म्हणून. तिथं होय दाबायचं. नाही दाबलं की मोजणी थांबते."

"म्हणजे मी वाचलेलं पुन्हा वाचायचं."

"वाचू नका हो," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांनाच कसंसं झालं असावं. "म्हणजे, वाचलंत तरी चालेल."

परतीच्या बसमध्ये सून एकदाच बोलली. "आबा, मला चोरी पकडल्यासारखं का वाटतंय?"

मी दोघांची तिकिटं घडी करून खिशात ठेवली.

त्या दिवसापासून आमच्या घरात साठ तासांचं काम सुरू झालं. खाणीत रेंज नाही, घरी आहे. म्हणजे फोन घरी राहणार आणि त्याच्याशी एक माणूस राहणार. उरलेली तिघं खाणीत. सून मोगरी मारायला सगळ्यांत दणकट, तिला दिवसभर घरी ठेवली तर भारे तसेच राहतात. तेव्हा पाळ्या लावल्या. सकाळी सून, दुपारी म्हातारी, संध्याकाळी धाकटी किंवा पुन्हा सून. वीज दिवसातून दोनदा जाते, ती असेल तेव्हा फोन चार्जिंगला लावून.

पहिलाच अडसर आमच्या बोटांचा. वर्षानुवर्षं वाख ओढून आमच्या बोटांची टोकं अशी झालीत की फोनला ती बोटं वाटतच नाहीत. म्हातारी काचेवर बोट घासते आहे, घासते आहे, पान ढिम्म हलत नाही.

"याला काय कळत नाही का मी आलेय ते?"

"आई, सांध्यानं कर. बोट दुमडून," धाकटीनं दाखवलं. सांध्यावरची कातडी जरा मऊ असते. तसं केल्यावर पान सरकलं. मग आम्ही सगळेच दार ठोठावल्यासारखे बोट दुमडून पानं सरकवायला लागलो.

म्हातारीला अक्षर येत नाही. पण तिची पाळी सगळ्यांत चोख. समोर घड्याळ, मांडीवर फोन, हातात फणी. वाखाचा एक झुपका विंचरून झाला की एक पान. 'वाचताय का' विचारणारा डबा वर आला की हिरव्या बाजूला टिचकी. तिचे साडेतीन तास नोंदीत पुरेपूर साडेतीन तासच पडायचे.

"माझं नाव घातलं असतंत तर मी पदवीधर झाले असते," ती म्हणायची.

"झालीच असतीस की आई. केंद्रात पहिली."

"तुझ्यासारखीच."

यावर धाकटी वाख आणायला उठून जायची. ते अभिनंदन आल्यापासून ती सुनेच्या नजरेला नजर देत नव्हती. एकदा ती म्हणाली, "वहिनी, मी बसतच नाही परीक्षेला." सून तिच्यावर अशी उसळली की मी मोगरी खाली ठेवली. "नाही बसलीस तर बघ! मग माझा घसा फुकट गेला म्हणायचा?"

सून स्वतःच्या पाळीत पानं सरकवायची, पण पानांकडे बघायची नाही. भिंतीकडे बघायची. पहिल्या दिवशी तिनं वाचायचा प्रयत्न केला होता. "जमत नाही," ती म्हणाली. "तीन मिनिटांचा काटा डोक्यात टिकटिक करतो. वाचलेलंसुद्धा विसरायला होतंय." भूगोल तिच्या डोक्यातून उडत चालला होता. हे कुणाला सांगायचं?

पाच दिवसांत चौतीस तास झाले. सहाव्या दिवशी पहाटे खाणीतून भारा उचलताना माझी कंबर धरली. नुसती धरली नाही, मला तिथंच दगडावर आडवं केलं. धाकटीच्या खांद्यावर हात टाकून घरी आलो. आणि नेमके त्याच दिवशी भारे तयार झाले. हात घातला की पान बोटांत विरघळत होतं. आजच्या आज काढायला हवे होते, तिघींना जायलाच हवं होतं.

"आबा बसतील फोनपाशी," म्हातारी म्हणाली. "बसूनच तर राहायचंय."

सुनेनं मला भिंतीला टेकवून बसवलं, पाठीमागं पोतं दुमडून दिलं. फोन गुडघ्यावर ठेवला. ती घाईत होती, डोक्यावर चुंबळ आधीच चढली होती. "तीन मिनिटांनी सांध्यानं पान वर ढकलायचं. डबा आला की होय. एवढंच. चार तासांत येतो आम्ही."

"जा तू. मला येतंय."

त्या गेल्या. मी पहिली पाच-सहा पानं नीट सरकवली. घड्याळ बघायचं, सांधा टेकवायचा, ढकलायचं.

मग काय झालं ते सांगतो.

मला अक्षरं याच सुनेनं शिकवली. दोन हिवाळे, चाकाच्या फळीवर कोळशानं लिहून. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न. वाचतो मी एकेक शब्द, बोट खाली धरून. दुकानाच्या पाट्या, बसवरचं गावाचं नाव, औषधाच्या बाटलीवरचं. हे पुस्तक मी चार महिने कानांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गुडघ्यावर ते पान होतं आणि त्यावर नदी हा शब्द होता. पुढचा शब्द वाचला. त्याच्या पुढचा. एक ओळ पुरी झाली आणि ती मला ऐकलेली निघाली. सुनेच्या आवाजातली ओळ तिथं लिहिलेली होती. मी तशी दुसरी शोधली.

मधेच पानावर एक डबा आला. मी तोही वाचला. तुम्ही अजून वाचत आहात का? मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. "हो बाबा, वाचतोय," मी मोठ्यानं म्हणालो. डबा गेला. मी पुढं वाचायला लागलो.

दाबायचं असतं हे मला सांगितलेलं होतं. दोनदा सांगितलेलं होतं. पण तेव्हा माझं बोट ओळीखाली होतं, ते उचललं असतं तर ओळ हरवली असती.

कंबर विसरलो. घड्याळाकडे पाहिलंच नाही. डोंगरातून येणारी नदी सपाटीवर आल्यावर गाळ का टाकते, ते मी सबंध वाचलं. सात पानं झाली. आठव्याच्या मधे होतो तेव्हा दारात तिघी आल्या, कोपरापर्यंत हिरव्या, केसांत वाखाचे धागे. वाख पांढरा निघाला होता. म्हातारी खुशीत होती.

सुनेनं हात पुसून फोन घेतला. बघितला. पुन्हा बघितला.

"पंचवीस मिनिटं?" ती म्हणाली. "आबा, चार तास झालेत."

मला तेव्हाच सगळं कळलं.

"रेंज गेली असेल," धाकटी म्हणाली. "किंवा माझ्या मैत्रिणीचा फोन आला असेल. आला की ते बंद पडतं."

"मैत्रिणींना सांगता येत नाही का नऊ दिवस फोन करू नका म्हणून?" सून म्हणाली.

"सांगितलंय."

"सांगितलंय! अभिनंदनाचे फोन घ्यायचे असतील."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. मी तिथंच बसलो होतो, पोत्याला पाठ टेकून. बोलायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "भरून काढू. अजून तीन दिवस आहेत."

एवढंच म्हणालो.

पुढचे तीन दिवस सून खाणीत गेलीच नाही. ठेचायचं काम म्हातारीनं आणि धाकटीनं ओढलं, मी अर्धा वाकून धुवायला जायचो. धाकटीचे तळवे फुटले. उशिरा काढलेल्या चार भाऱ्यांचा वाख काळा पडून तुटला, तो तिथंच टाकला. घरी सून भिंतीकडे तोंड करून दार ठोठावल्यासारखा सांधा आपटत होती. आठव्या दिवशी वीज सकाळी गेली ती अंधार पडताना आली. फोन दुपारीच मेला. धाकटी तो घेऊन पिठाच्या गिरणीवर धावली, तिथंही वीज नव्हती.

नवव्या दिवशी पाच वाजता आम्ही सगळे चाकापाशी होतो. सुनेनं फोन फळीवर ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. सत्तावन्न तास वीस मिनिटं. आकडा तिथंच थांबला. मग तो करडा झाला आणि खाली ओळ आली की नोंद बंद झाली आहे.

सून म्हणाली, "अडीच तासांनी गेलं. दोन तास चाळीस मिनिटं." मग धाकटीकडे वळली. आवाज चढवला नाही. "त्या दिवशीचे चार तास असते तर झालं असतं, वन्सं. तुझ्या त्या एका फोननं गेलं."

"वहिनी, मी..."

"राहू दे. तुझं प्रवेशपत्र आलंय ना. सांभाळून ठेव."

धाकटी रडली नाही. तिनं फुटलेल्या तळव्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गुन्हा कबूल केल्यासारखी. चार दिवस ती तशीच वावरत होती आणि मी ते बघत होतो. जेवताना ती शेवटी बसायची आणि आधी उठायची.

"तिच्या फोननं नाही गेलं," मी म्हणालो.

म्हातारी फणी धरून थांबली.

"त्या दिवशी कुणाचाही फोन आला नव्हता. रेंज होती. तो डबा आला होता. मी दाबलं नाही. पानंही वेळेवर सरकवली नाहीत."

"झोप लागली होती का?" म्हातारी म्हणाली. ती मला सोडवत होती. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"नाही. वाचत होतो."

सून माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर आधी काहीच नव्हतं.

"काय करत होता?"

"वाचत होतो. नदीचा धडा. सात पानं झाली. आठवं अर्धं."

"चार तासांत?"

"माझी गाडी हळू चालते, तुला ठाऊक आहे."

ती उठून उभी राहिली. तिचा हात चाकाच्या मुठीवर होता, चाक थोडं पुढं थोडं मागं होत होतं. आणि ती ओरडली. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा.

"तुम्हाला वाचायला कुणी सांगितलं होतं, आबा?"

तिचा आवाज तिच्याच कानांवर गेला असावा. तिनं ओठ घट्ट मिटले. मग खालच्या आवाजात, जवळजवळ समजूत घातल्यासारखं म्हणाली, "नुसतं सरकवायचं होतं. नुसतं सरकवायचं होतं हो."

मी मान हलवली.

ती धाकटीपाशी गेली, तिचे दोन्ही हात धरले, तळवे उलटे करून बघितले आणि तिला पाण्याकडे घेऊन गेली. म्हातारीनं फणी पुन्हा वाखात घातली. वाळायला टाकलेल्या वाखावर ऊन होतं तोवर तो उलटायला हवा होता, मी उठून उलटला.

धाकटी परीक्षा देऊन आली. पेपर सोपा गेला, एवढंच म्हणाली. सुनेनं पहिल्या वर्षाचा अर्ज आणलाय, अजून भरलेला नाही. चाकाशी बसते, मूठ फिरवते. माझ्याशी बोलते, नीट बोलते, जेवलात का विचारते. वाचत मात्र नाही.

नदी गाळ का टाकते हे मला आता कुणीही विचारावं, मी सांगेन. आठवं पान अर्धं राहिलंय. पुढं काय आहे ते मी तिला विचारलेलं नाही.